वेस, नाका आणि हद्द

सोलापुरात परगावच्या माणसाने पत्ता विचारला की त्याची थोडी फसगत होते. त्याला सांगितले जाते, 'बाळीवेशीत उतरा.' तो उतरतो आणि वेस शोधत राहतो. वेस तिथे नाही. दुसरा कोणी सांगतो, 'जुन्या पुणे नाक्यावर थांबा, घ्यायला येतो.' नाकाही नाही. वाहने आहेत, हॉटेले आहेत, पण गाड्या अडवून पावती फाडणारे कोणी नाही. तुळजापूर वेस, कुंभार वेस, विजापूर वेस, जुना बोरामणी नाका, जुना तुळजापूर नाका, अक्कलकोट नाका. नसलेल्या वास्तूंच्या नावावर या शहराचा सगळा व्यवहार सुखाने चालतो. रिक्षावाल्याचे काही अडत नाही आणि पोस्टमनचेही नाही. अडते ते फक्त पाहुण्याचे.

ही नावे म्हणजे नुसती जुनी सवय असे मला पूर्वी वाटे. नकाशा समोर ठेवून एकेका नावावर बोट ठेवत गेलो, तेव्हा ध्यानात आले की ही दोन वर्तुळे आहेत. वेशींचे वर्तुळ आतले, नाक्यांचे बाहेरचे. आतल्या वर्तुळाला जिने छेद दिला आणि बाहेरचे जिने आखले, ती संस्था एकच : सोलापूरची नगरपालिका. जुन्या लोकांच्या बोलीत म्युनिसिपालिटी. एकोणिसाव्या शतकाच्या पन्नाशीत ती जन्मली आणि १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. तिच्यासाठी कुणी शोकसभा घेतली नाही, कारण ती मेली नव्हती, बढती घेऊन गेली होती. पण बढती मिळालेला माणूस जसा पुन्हा पूर्वीचा राहत नाही, तसेच इथेही झाले.

आधी जमीन पाहू. सोलापूर दख्खनच्या पठारावर आहे, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात. पण शहराला स्वतःची म्हणावी अशी मोठी नदी नाही. पुण्याला मुठा आहे, सांगलीला कृष्णा आहे, नाशिकला गोदावरी आहे. आमच्याकडे जवळून वाहते ती आदिला, आणि ती नदी म्हणून मिरवते ते पावसाळ्यापुरते. पाऊसही हिशेबाचा. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला भरवशाचा भाग सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. जूनमध्ये कोकणात छत्र्या उलट्या होत असतात, तेव्हा आम्ही आभाळाकडे बघत असतो. म्हणून सोलापूरचा इतिहास लिहायचा तर राजांच्या यादीपेक्षा तळ्यांची यादी जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

पहिले तळे सिद्धरामेश्वरांचे. बाराव्या शतकातले हे शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनकार. त्यांच्या काळी या गावाचे नाव सोन्नलगे. 'सोळा गावे मिळून सोलापूर' ही व्युत्पत्ती शाळेत आम्हा सर्वांना शिकवली गेली, आणि त्या सोळा गावांची नावेही कोणी कोणी घडाघडा म्हणून दाखवतात. पण सोन्नलगे, पुढे सोनलपूर, मुसलमानी अंमलात संदलपूर अशी नावे शिलालेखांतून आणि जुन्या साहित्यातून सापडत असताना सोळाचा पाढा कशाला म्हणायचा? इंग्रजांच्या कागदोपत्री 'शोलापूर' झाले आणि त्यातून ही सोळाची गोष्ट बळावली असावी. गोष्ट म्हणून ती गोड आहे, एवढेच.

सिद्धरामांनी लोकांच्या श्रमांतून तळे खोदवले आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. आजही मकरसंक्रांतीच्या यात्रेत, पहिल्या दिवशी, सात नंदीध्वजांची मिरवणूक या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत गावाला फेरी घालते. अनवाणी पायांनी, उंच काठ्या तोलत. दुसऱ्या दिवशीचा संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा सगळ्यांना ठाऊक आहे, वर्तमानपत्रांत छायाचित्र त्याचेच येते. पण मला विचाराल तर पहिल्या दिवसाची ती पायपीट अधिक मोलाची. कारण ती शहराची सर्वांत जुनी हद्दमोजणी आहे. मोजणीदार, साखळी, नकाशा काही नाही. दरवर्षी गाव आपल्या पायांनी आपली शीव चालून पाहते. भाषा मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, कोणतीही असो, मिरवणूक दारावरून गेली की तो माणूस गावातला.

दुसरी हद्द दगडी होती. बहामनी काळातला भुईकोट किल्ला आणि त्याच्या बाजूला पेठेची तटबंदी. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याने हल्ला करून आधी पेठ घेतली, मग किल्ला. पेशवाईचा शेवटचा जोर इथेच संपला. नंतर इंग्रजांची छावणी आली. सदर बझार आणि लष्कर ही नावे तिच्या खुणा. सैन्य केव्हाच गेले, तरी 'लष्करात राहतो' असे सांगणारा माणूस फौजेत असेलच असे सोलापुरात नाही. १८३८ मध्ये सोलापूर हा कलेक्टरीचा दर्जा मिळालेला भाग झाला, १८६४ मध्ये ती व्यवस्था मोडली आणि १८६९ मध्ये पुन्हा जिल्हा उभा राहिला. इंग्रजांनाही या मुलखाचे नेमके काय करावे हे एकदम उमगले नव्हते, असे दिसते.

अशा गावात नगरपालिका आली. १८५० चा सव्विसावा कायदा असे म्हणत होता की एखाद्या गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तर तिथे ही व्यवस्था लागू करता येईल. इच्छा कोणाची, हे विचारायचे नाही. कलेक्टरसाहेब अध्यक्ष आणि गावातले चार वजनदार सावकार-व्यापारी सभासद, असा थाट. लोकांनी निवडून दिलेले सभासद ही गोष्ट लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतरची. तोपर्यंत नगरपालिकेचे काम तीन शब्दांत सांगता येई : झाडणे, दिवे लावणे आणि जकात घेणे.

तरीही या सरकारी बाहुलीने एक मोठे काम केले. १८६० मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे सोलापुरापर्यंत पोहोचली आणि पुढे रायचूरकडे रूळ सरकेपर्यंतची काही वर्षे हेच लोहमार्गाचे शेवटचे टोक राहिले. शेवटच्या स्थानकाला नेहमी फायदा होतो. निजामाच्या मुलखातला माल बैलगाड्यांनी इथे येऊन डब्यांत चढू लागला. गाव फुगले, तटात मावेना. तेव्हा १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने पूर्वेकडची सगळी भिंत आणि इतर बाजूंचे काही भाग पाडून टाकले. कारण साधे होते, शहराला पसरायला जागा हवी. ज्या तटाने मन्रोला अडवायचा प्रयत्न केला, तो पन्नासेक वर्षांनी घरपट्टी भरणाऱ्यांच्या सोयीसाठी गेला. दगड नाहीसे झाले, वेशींची नावे तेवढी जिभेवर उरली.

भिंत पाडणे सोपे, पाणी आणणे अवघड. सिद्धेश्वर तळे वाढत्या गावाला पुरे पडेना. शहराच्या ईशान्येला आदिला नदीवर एकरुखचा तलाव बांधला गेला आणि तो १८७१ मध्ये पुरा झाला. दोन किलोमीटरहून लांब मातीचा बांध, इंग्रजी अमदानीत दख्खनमध्ये झालेल्या पहिल्या मोठ्या पाटबंधारे कामांपैकी एक. सोलापूरकर त्याला एकरुख म्हणत नाहीत, हिप्परगा तलाव म्हणतात. तो बांधला शेतीसाठी. पण पाच वर्षांत, १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. दुष्काळाने प्रशासनाला जे शिकवले त्याचा परिणाम म्हणा किंवा वाढत्या गावाची गरज म्हणा, पुढच्या काही वर्षांत हिप्परग्याचे पाणी यंत्राने उचलून शहरात खेळवण्याची योजना झाली. नळ आला. ज्या गावात आड, विहीर आणि पखालजी यांच्यावर संसार चालत होता, तिथे चौकात तोटी फिरवली की पाणी.

याच काळात, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती 'जुनी मिल'. दुष्काळाने शेतावरून उठलेली माणसे स्वस्तात मिळत होती, कापूस जवळ होता, रेल्वे दारात होती आणि पाणी येऊ घातले होते. १८९८ मध्ये नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी मिल, १९०८ मध्ये विष्णू मिल. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, साखर पेठेच्या परिसरात मागांचा खडखडाट घुमू लागला. मोरारजींचे नाव मुरारजी पेठेत राहिले. जनगणनेचे आकडेच बोलके आहेत : १९०१ मध्ये सुमारे ७५ हजार, प्लेगाच्या वर्षांनी १९११ मध्ये सुमारे ६१ हजारांवर खाली, आणि १९२१ मध्ये एकदम १ लाख २० हजारांच्या जवळ. दहा वर्षांत दुप्पट! एवढी माणसे ज्या नगरपालिकेच्या पदरात पडली, तिच्या दिवाबत्ती खात्याची आणि भंगी-झाडूवाल्यांची काय तारांबळ उडाली असेल याची कल्पनाच करावी. ज्या माणसांनी ती घाण वाहिली त्यांची नावे मात्र कोणत्याही पेठेला दिली गेली नाहीत.

वाढत्या शहराच्या कडेला आणखी एक हद्द होती, आणि ती काटेरी तारेची होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले, त्यांना तारेच्या आत वसवण्यात आले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, आणि दिवसा गिरणीत कामाला जायचे. गिरणीला मजूर मिळाले, सरकारला बंदोबस्त मिळाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तार निघाली. भागाचे नाव आजही सेटलमेंटच. वेस आणि नाका ही नावे आपण कौतुकाने घेतो. हेही त्याच माळेतले नाव आहे, आणि ते उच्चारताना जरा थांबायला हरकत नाही.

आता १९३०. नगरपालिकेच्या शंभरेक वर्षांच्या आयुष्यात तिला देशाच्या इतिहासात जागा मिळवून देणारा दिवस म्हणजे ६ एप्रिल १९३०. त्या दिवशी दांडीला गांधीजींनी मीठ उचलले, आणि त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा फडकला. अध्यक्ष होते माणिकचंद शहा. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या इमारतीवर असा झेंडा लावणारी देशातील पहिली नगरपालिका म्हणून सोलापूरचे नाव घेतले जाते. जिचा जन्म कलेक्टरच्या खुर्चीखाली झाला होता, तिनेच कलेक्टरच्या डोळ्यांदेखत हे केले. ऐंशी वर्षांत बाहुलीला प्राण आले होते.

पुढच्या घटना सोलापूरच्या पोरांना पाठ असतात, बाहेरच्यांना मात्र फार थोड्या ठाऊक असतात. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला जमाव निघाला. गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग जमावाचा तोल गेला. मंगळवार पेठेच्या चौकीवर हल्ला झाला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जळली. सरकारी अंमल शहरातून मागे हटला, आणि ९, १० व ११ मे असे तीन दिवस सोलापूर इंग्रजांच्या राज्यात नव्हते. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची रहदारी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणे हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून खटला चालवला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. शहराने त्यांना कधीच खुनी मानले नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांच्या चौकाला लोक नुसते 'चार पुतळा' म्हणतात. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. चौघांची नावे वाचली की त्या काळच्या सोलापूरची जनगणना समोर उभी राहते.

मला या सगळ्यात एक गोष्ट विशेष वाटते. ते तीन दिवस शक्य झाले, त्याचे एक कारण शहराचा आकार. मंगळवार पेठेतली बातमी सिद्धेश्वर पेठेत, तिथून साखर पेठेत, तिथून गिरण्यांच्या दारात जायला पायी अर्धा तास पुरे. गिरणीचा भोंगा सगळ्यांना ऐकू येई. नगरपालिकेचा अध्यक्ष रस्त्यात दिसे. माणसे एकमेकांना ओळखत असतील तरच अशी हिंमत होते, आणि तरच ती तीन दिवस शिस्तीत टिकते. अर्थात ओळखीचे शहर म्हणजे समतेचे शहर नव्हे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढले ते याच कारणाने, की गावात शाळा होत्या पण या मुलांना राहायला दार उघडत नव्हते. पुढे १९३८ च्या जानेवारीत याच नगरपालिकेने डॉ. आंबेडकरांना मानपत्र दिले. तेरा वर्षांत गाव एवढे तरी चालले.

स्वातंत्र्यानंतर पहिला धक्का बसला तो गिरणीला. जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली. एका गावातल्या एका गिरणीसाठी १९५० मध्ये केंद्र सरकारला आधी वटहुकूम आणि मग स्वतंत्र कायदा करावा लागला. कारभार सरकारने हाती घेतला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिले आणि नव्याने स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयासमोर राज्यघटनेतल्या समतेच्या आणि मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न उभा राहिला. कायद्याचे विद्यार्थी चिरंजितलाल चौधरी खटला म्हणून तो आजही वाचतात. किती जणांना ठाऊक असते की त्या जाडजूड निकालाच्या मुळाशी सोलापूरचा एक भोंगा आहे, जो वाजायचा थांबला होता?

१९६१ मध्ये शहराची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या पुढे गेली होती. १ मे १९६४ रोजी, महाराष्ट्राच्या चौथ्या वर्धापनदिनी, नगरपालिका संपली आणि महानगरपालिका सुरू झाली. मुंबई, पुणे आणि नागपूर यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही चौथी. कोल्हापूरची १९७२ मधली, नाशिक आणि ठाणे तर १९८२ मधली. हे आज सांगितले तर पुण्या-नाशिककडचे लोक जरा अविश्वासाने बघतात. त्यांचेही चूक नाही. पहिल्या बाकावर बसणारा मुलगा पुढे मागे पडला की वर्ग त्याला विसरतो. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेला इंद्रभुवन हा देखणा वाडा महापालिकेचे मुख्यालय झाला. कमानी, पुतळे, नक्षी. पाणीपट्टीची तक्रार घेऊन गेलेला माणूस क्षणभर तक्रार विसरतो, इतका तो सुंदर आहे.

योगायोग असा की, आपल्यापासून हजारो मैलांवर नॉर्वे नावाच्या देशात याच सुमारास नगरपालिका अशाच संपत होत्या. तिथे १८३७ मध्ये कायदा झाला आणि १८३८ च्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे सोलापूरला कलेक्टरी मिळाली त्याच वर्षी, गावोगावच्या चर्चच्या परगण्यांवरून लहान लहान लोकनियुक्त पालिका उभ्या राहिल्या. आपल्याकडे कलेक्टर अध्यक्ष होता तेव्हा तिथे शेतकरी आपल्यातला अध्यक्ष निवडत होते. अर्थात मत सगळ्यांना नव्हते, जमीनवाल्यांना आणि अधिकाऱ्यांना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने समिती नेमली. समिती म्हणाली, एवढ्या लहान पालिकांना शाळा, दवाखाने, रस्ते परवडणार नाहीत, एकत्र करा. सुमारे साडेसातशे पालिका होत्या, त्यांच्या १९६७ पर्यंत साडेचारशेच्या आसपास उरल्या. १ जानेवारी १९६४ या एकाच दिवशी त्यांपैकी कितीतरी विसर्जित झाल्या. समुद्राच्या खाडीकाठची, डोंगराच्या कुशीतली ती गावे अजून आहेत, त्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत, चर्च आहे, दफनभूमी आहे. सभागृह तेवढे दुसऱ्या गावाला गेले. निर्णय दूर गेला. त्यावरचा वाद त्या देशात अजून पुरता शमलेला नाही.

हे वाचताना मला नॉर्वेपेक्षा आपले बाळे आणि शेळगी आठवले. १९६४ मध्ये सोलापुरात फक्त पाटी बदलली होती. हद्द साधारण तीच, नाक्यांच्या आतली, सुमारे ३३ चौरस किलोमीटर. म्हणजे वर्तुळ धरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साडेसहा किलोमीटर. सायकलवाल्याचे शहर. जुनी नगरपालिका खऱ्या अर्थाने संपली ती १९९२ मध्ये, हद्दवाढीने. आजूबाजूची गावे शहरात घेतली गेली : बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे आणि इतर. क्षेत्रफळ एका झटक्यात ३३ वरून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. पाचपटीहून अधिक! व्यास पंधरा किलोमीटर. त्या त्या गावची ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. गावाच्या चावडीवर ज्याच्याशी भांडता येत होते, त्याच्याऐवजी इंद्रभुवनात जाऊन अर्ज देणे आले. त्यांचा कर शहराचा झाला, रस्ते मात्र बराच काळ गावाचेच राहिले. जमिनीचे भाव वाढले हे खरे, आणि ते ज्यांनी वेळीच प्लॉट पाडले त्यांना लाभले हेही खरे. ज्वारीचे रान करणाऱ्याला काय मिळाले, हा हिशेब कोणत्याच ठरावात सापडत नाही.

हद्द वाढवायला अधिसूचना पुरते. पाणी वाढवायला धरण लागते. जुन्या नगरपालिकेने जेव्हा भिंत पाडली, तेव्हा हिप्परग्याचा तलाव तयार होता. हद्दीच्या आधी पाणी आले होते. नंतर हा क्रम उलटा झाला. साठीच्या दशकाच्या शेवटी भीमेवर टाकळीहून पाणी उचलावे लागले. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि नव्वदीच्या अखेरीस तिथून शहरापर्यंत शंभर किलोमीटरहून लांब नळ आणावा लागला. शिवाय उन्हाळ्यात उजनीतून नदीपात्रात पाणी सोडायचे, ते वाटेतली वाळू, बंधारे, शेतीपंप सगळ्यांना तृप्त करत औज बंधाऱ्यापर्यंत येईल त्याची वाट बघायची, आणि मग ते उचलायचे. एका शहराच्या तांब्याभर पाण्यासाठी नदीभर पाणी. परिणाम काय, तर गेल्या काही दशकांत सोलापूरच्या संसाराने दिवसाआड, मग तीन दिवसांआड, कधी पाच दिवसांआड नळ पाहिला. आमच्या घराघरांत पिंप, हौद, बादल्या, कळशा यांची जी मांडणी असते, ती पाहून पुण्याची सून पहिल्यांदा बावरते. नळ रात्री दोनला येणार असेल तर घरातली कोण उठते, हेही सांगायला नको. शहराच्या पाणीपुरवठा योजनांवर पुष्कळ अहवाल झाले आहेत. रात्री दोनला उठणाऱ्या बायांना त्यांत कुठे विचारलेले माझ्या वाचनात आले नाही.

कोणी म्हणेल, मग काय, शहर ३३ चौरस किलोमीटरचेच ठेवायचे होते? तसे नाही. गिरण्या गेल्या, विसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी-विष्णूही बंद पडली. माणसे यंत्रमागाकडे, विडीकडे, रेडिमेड कपड्यांच्या शिलाईकडे वळली, आणि ती राहायला गेली ती नाक्यांच्या बाहेरच, जिथे भाडे परवडत होते तिथे. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोक मोजले गेले. ते आधीच बाहेर राहत होते. हद्द त्यांच्या मागून धावत आली. त्यांना शहराबाहेर ठेवणे हा अन्याय झाला असता. त्यांना शहरात घेऊन नळाविना ठेवणे हाही अन्यायच. पण पहिला निदान कागदावर दिसतो.

या लेखाच्या निमित्ताने जुन्या नाक्यांवरून एकदा फेरी मारली. जुना पुणे नाका ओलांडून पुढे गेलो की बाळे येते. खंडोबाचे ठाणे म्हणून ते आधीपासूनच प्रसिद्ध; तिथल्या यात्रेसाठी शहरातले लोक पूर्वी 'बाळ्याला जाऊन येतो' म्हणत, म्हणजे परगावी. आता ते महापालिकेच्या हद्दीत येऊन तीन दशके उलटली, तरी वाक्य तेच आहे. बाळ्याची माणसे शहरात यायला निघाली की अजूनही 'सोलापूरला चाललोय' म्हणतात. मजरेवाडीच्या जमिनीचा कागद काढला तर त्यावर 'मौजे मजरेवाडी' असते, पालिकेच्या कराच्या बिलावर सोलापूर. दोन्ही कागद एकाच पिशवीत.

आणि जकात नाके? जकातच राज्यातून गेली, त्यामुळे नाक्यांना आता कामही उरलेले नाही. ३३ चौरस किलोमीटरच्या त्या जुन्या गावाभोवती मात्र रिक्षावाले अजून तेच वर्तुळ सांभाळून आहेत. नाक्याच्या आत एक भाडे, बाहेर गेलात की घासाघीस सुरू.